ऊंसतोडीची उचल आणि शेतकऱ्याची जबाबदारी

उंसाचें बेणें, लागणीची वेळ, खतांची मात्रा, ठिबकाचें पाणी, हुमणीचा बंदोबस्त, साखरेचा उतारा, या विषयांवर या मासिकांत वरचेवर लेख येतात, व ते वाचून पुष्कळ बागाइतदारांनीं आपली शेती सुधारली आहे. परंतु बारा ते अठरा महिने पोसलेलें पीक ज्या हातांनीं शेतांतून निघून कारखान्याच्या गव्हाणींत पडतें, त्या हातांविषयीं आपण फारसें लिहीत नाहीं व बोलतही नाहीं. टोळी आली कीं नाहीं, एवढीच आपणांस काळजी. ती कोणत्या करारानें आली, तिला मजुरी कोण देतो, किती देतो, व हंगाम संपल्यावर ती मोकळ्या मनानें घरीं जाते कीं कोणाची बांधलेली राहते, याची चौकशी करणें हें आपलें काम नव्हे, असा समज सर्वत्र रूढ आहे. हा समज कायद्याच्या, व्यवहाराच्या व नीतीच्या अशा तिन्ही दृष्टींनीं चुकीचा आहे, असें आमचें मत असून तें सकारण मांडण्याकरितां हा लेख लिहिला आहे.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट करतों. तोडणीस येणारी प्रत्येक टोळी वेठीनें येते असें आमचें म्हणणें नाहीं. पुष्कळ टोळ्या वर्षानुवर्षें त्याच मुकादमाबरोबर राजीखुशीनें येतात व हंगामाच्या अखेरीस हिशेब करून चार पैसे गांठीं बांधून घरीं जातात. परंतु ज्यांच्या बाबतींत असें घडत नाहीं त्या टोळ्या व या टोळ्या आपल्या बांधावर उभ्या असतांना सारख्याच दिसतात. दोहोंतील भेद कोयत्यांत नसून हिशेबाच्या वहींत असतो. ती वही पाहण्याची संवय आपण लावून घेतली पाहिजे, हा या लेखाचा मथितार्थ होय.

उचल व कोयता

कारखान्याकडे उंसाची नोंद आपण करतों. परंतु तोडणी कारखाना स्वतःच्या नोकरांकडून करवीत नाहीं. तो वाहनमालकाशीं किंवा मुकादमाशीं करार करतो, व मुकादम पावसाळ्यांत वाड्यावस्त्यांवर हिंडून जोड्या ठरवितो. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ व एकटें माणूस असल्यास ‘अर्धा कोयता’, असें या धंद्यांतील माप आहे. ठरलेल्या कोयत्यास हंगामापूर्वीं उचल मिळते. ती सामान्यतः ५० हजारांपासून १ लाख रुपयांपर्यंत व कधीं त्याहूनही अधिक असते. बीड, अहिल्यानगर, धाराशिव, जालना, परभणी, नाशिक, जळगांव, नंदुरबार या जिल्ह्यांच्या कोरडवाहू टापूंतून हे लोक कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणें व सोलापूरकडे येतात. कांहीं टोळ्या कर्नाटकांत व दक्षिण गुजरातेंतही जातात. त्यांची संख्या १० लाखांच्या वर असावी असा सामान्य अंदाज आहे. त्यांतील पुष्कळांच्या नांवावर एक-दोन एकर जमीन असते. म्हणजे तेही शेतकरीच होत. फक्त त्यांच्या विहिरीस पाणी नाहीं.

उचल घेणें हा गुन्हा नाहीं व देणें हाही नाहीं. आपणही सोसायटीचें पीककर्ज घेतोंच. परंतु पीककर्ज थकलें तर बँक सात-बारावर बोजा चढवील, नोटीस काढील, फार तर दावा लावील. दुसऱ्याच्या शेतांत काम करूं नकोस, असें ती कर्जदारास सांगणार नाहीं. त्याच्या बायकोस अडकवून ठेवणार नाहीं. त्याचे बैल सोडून नेण्याकरितां रात्रीं जीप पाठविणार नाहीं. कर्ज मालमत्तेवर बसतें तोंवर तें कर्ज. तेंच माणसाच्या अंगावर बसलें कीं वेठ झाली. उचल घेतलेल्या मनुष्यास काम सोडून जाण्याची मोकळीक आहे कीं नाहीं, व जातांना आपण नक्की किती देणें लागतों हें त्यास कळतें कीं नाहीं, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून मजुरी कोठें संपली व वेठ कोठें सुरू झाली तें ओळखावें.

एका कोयत्याचें गणित

जानेवारी २०२४ मध्यें कारखाने व कामगार संघटना यांच्यांत तडजोड होऊन तोडणीचा दर टनामागें सुमारें २७३ रुपयांवरून ३६६ रुपये, म्हणजे ३४ टक्क्यांनीं, वाढविण्यांत आला व मुकादमाचें कमिशन १९ वरून २० टक्के झालें. हा दर तीन हंगामांकरितां ठरला. त्यावरून एक काल्पनिक हिशेब मांडून पाहूं.

समजा, एका जोडीनें दिवसास २ टन ऊंस तोडून, मोळ्या बांधून गाडी भरली. दिवसाची मजुरी ७३२ रुपये झाली. पाऊस, गाडीची वाट पाहणें, आजारपण व कारखान्याचे बंद दिवस वजा जातां हंगामांत १२० दिवस काम पडलें असें धरूं. एकूण मजुरी ८७,८४० रुपये. उचल जर १ लाखाची असेल, तर पांच महिने दोन माणसांनीं पहांटेपासून राबूनही १२,१६० रुपये देणें उरलें. शिवाय तळावर रोजचें खाणें सुटत नाहीं. त्याकरितां खर्ची म्हणून आठवड्यास १,५०० रुपये घेतले, तर २० आठवड्यांचे ३०,००० होतात. तेव्हां हंगामाच्या अखेरीस ही जोडी ४२,१६० रुपयांची देणेकरी होऊन घरीं जाते, व तें देणें पुढील वर्षाच्या उचलींतून वळतें होतें. पुढील वर्षीं कोणत्या मुकादमाकडे जावें हा प्रश्न मग त्या जोडीच्या इच्छेचा राहत नाहीं.

या गणितांत कोणीही लबाडी केलेली नाहीं, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. दर ठरलेला दिला, वजन खरें धरलें, व्याज लावलें नाहीं. आतां त्यांत एक-दोन गोष्टी मिळवा. आजारानें एक दिवस बुडाला तर ‘खाडा’ म्हणून दंड लावला. खर्चींत दोनशें रुपये दिले व वहींत पांचशें लिहिले. वजनाची पावती टोळीस दाखविलीच नाहीं. असें झाल्यास तें देणें कधींच फिटणार नाहीं.

खाड्याच्या भीतीचा परिणाम बायकांच्या देहावर कसा होतो, तें बीड जिल्ह्यांत उघडकीस आलें आहे. २०१९ सालीं राज्य सरकारनें नेमलेल्या समितीपुढें जी पाहणी आली तींत ८२ हजारांवर ऊंसतोड स्त्रियांपैकीं १३ हजारांहून अधिक स्त्रियांचें गर्भाशय काढलेलें आढळलें. त्यांतील कित्येकींचें वय चाळिशीच्या आंत होतें. दर महिन्याचे दोन-तीन दिवस बुडूं नयेत, हें त्यामागील एक कारण म्हणून पुढें आलें. ज्या व्यवहारांत बाईस विसांवा घेण्यापेक्षां शस्त्रक्रिया स्वस्त वाटते, तो व्यवहार राजीखुशीचा आहे असें म्हणण्यास आमची लेखणी तयार नाहीं.

वही कोणाच्या हातीं

आमचें आयुष्य महसुलाच्या कचेरींत वह्या लिहिण्यांत गेलें. त्या काळांत तोडणीहून परत आलेल्या लोकांचे तक्रारअर्ज अधूनमधून टेबलावर येत. अर्जांत रक्कम किती लिहावयाची, असें विचारलें कीं अर्जदार गप्प होई. एकानें सांगितलें, ‘उचल सत्तर घेतली हें ठावें आहे, पुढचा आंकडा मुकादमाच्या डायरींत आहे.’ ती डायरी त्यानें कधीं पाहिली नव्हती, व पाहिली असती तरी वाचतां आली नसती. दोघांत व्यवहार झाला व वही मात्र एकाच्याच खिशांत राहिली. आमच्या मतें आजच्या वेठीचें मूळ येथें आहे. पूर्वीं पायांत बेडी असे. आतां ती दुसऱ्याच्या खिशांतील डायरींत असते.

ही स्थिति शेतकऱ्यास अपरिचित नाहीं. आपल्याच पणज्या-खापरपणज्यांनीं ती भोगली आहे. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें रयतेनें सावकारांच्या दुकानांवर चाल केली, व तो दंगा पुणें व नगर जिल्ह्यांतील अनेक गांवांत पसरला. त्या दंग्यांत रयतेचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर व वह्यांवर होता. रोखे हस्तगत करून ते जाळणें हाच दंग्याचा हेतु होता. कारण आंगठा आपला व आंकडा सावकाराचा, या रीतीस रयत कंटाळली होती. सरकारनें चौकशी करून १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. त्या कायद्यानें दिलेल्या पैशाची लेखी पावती मागण्याचा, वर्षाचा हिशेब मागण्याचा व पासबुकांत नोंदी करून घेण्याचा हक्क शेतकऱ्यास मिळाला. व पैशाच्या हुकूमनाम्याकरितां शेतकऱ्यास अटक करण्याची वाट बंद झाली. त्या कायद्यानें सारें दुःख नाहींसें झालें असें नव्हे. परंतु देणेकऱ्यास आपल्या देण्याचा आंकडा पाहण्याचा हक्क आहे, हें तत्त्व तेव्हांपासून मान्य झालें. जो हक्क आपल्या पूर्वजांनीं जिवावर उदार होऊन मिळविला, तोच आज आपल्या शेतांत कोयता चालविणाऱ्यास मिळूं नये, हें आपणांस शोभत नाहीं.

दुसरें उदाहरण ठाणें जिल्ह्याचें आहे. तेथें लग्नापुरते पैसे घेऊन वारली आदिवासी जमीनदाराचा ‘लग्नगडी’ होई. त्याच्याबरोबर त्याची बायकोही राबे, व तें देणें वर्षानुवर्षें फिटत नसे. १९४५ सालीं शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या पुढारीपणाखालीं वारल्यांनीं वेठ व लग्नगडीपणा नाकारला. त्या चळवळीविषयीं कोणाचें मत कांहींही असो. लग्नगड्याच्या करारांत व आजच्या फिटत नसलेल्या उचलींत साम्य किती आहे, तें मात्र वाचकांनींच तोलून पाहावें.

कायदा काय म्हणतो

भारताच्या राज्यघटनेच्या २३ व्या कलमानें वेठबिगारी व सक्तीचें काम यांस मनाई केली आहे. वेठबिगार पद्धति नष्ट करणारा कायदा १९७६ सालीं झाला, व त्याचा अंमल २५ ऑक्टोबर १९७५ पासून धरला गेला. साखळदंड घातलेल्या मनुष्यासच वेठबिगार म्हणावें, असें हा कायदा म्हणत नाहीं. आगाऊ रकमेपोटीं मनुष्य बिनमजुरीनें वा नाममात्र मजुरीनें राबत असेल, दुसरीकडे काम करण्याची वा देशांत कोठेंही जाण्याची त्याची मोकळीक गेली असेल, अथवा आपल्या श्रमाचा माल बाजारभावानें विकण्याचा त्याचा हक्क गेला असेल, तर यांपैकीं एक गोष्टही वेठबिगारी ठरण्यास पुरते. अशी वेठबिगारी ठरली कीं तीपोटींचें देणें कायद्यानें संपतें. तें वसूल करणें हाच गुन्हा होतो. वेठीनें काम करवून घेणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व २,००० रुपयांपर्यंत दंड आहे, व त्यास साह्य करणाऱ्यासही तीच शिक्षा आहे. हें देणें वेठीचें आहे असें मजुरानें म्हटल्यास, तें तसें नाहीं हें शाबीत करण्याचा बोजा धनकोवर पडतो. वही ज्याच्या खिशांत, पुरावाही त्यानेंच द्यावा, असा याचा अर्थ आहे.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल येथें सांगणें अवश्य आहे. दिल्लीस १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांकरितां जीं बांधकामें चाललीं होतीं, तेथील मजुरांच्या बाबतींत न्यायालयानें त्याच वर्षीं ठरविलें कीं, किमान वेतनाहून कमी पैशांत राबणारा मनुष्य परिस्थितीच्या सक्तीनें राबत असतो, सबब तेंही सक्तीचें काम होय. त्याच निकालांत, मजूर कंत्राटदारानें आणले एवढ्यावरून काम करवून घेणाऱ्या मूळ मालकाची जबाबदारी संपत नाहीं, असें सांगितलें आहे. दुसरा निकाल फरिदाबादच्या दगडखाणींतील मजुरांविषयीं १९८३ च्या डिसेंबरांत झाला. सक्तीनें काम होत असल्याचें दिसून आल्यास त्यामागें आगाऊ रक्कम असावी असें गृहीत धरावें, तसें नसल्याचें मालकानें दाखवावें, असें त्यांत म्हटलें आहे. आपल्या व्यवहारांत मधला माणूस मुकादम आहे, वाहनमालक आहे, कारखाना आहे; परंतु मधल्या माणसांच्या रांगेआड उभें राहून कोणास हात झटकतां यावेत, असें या निकालांनंतर म्हणतां येत नाहीं.

बांधापासून बाटलीपर्यंत

आतां व्यवहाराकडे वळूं. साखर पोत्यांत भरली कीं ती बिस्किटें, मिठाई, औषधें व शीतपेयें यांच्या कारखान्यांत जाते. या मालाचे मोठे खरेदीदार आपापल्या देशांच्या कायद्यांनीं बांधले जात आहेत. इंग्लंडनें २०१५ सालीं आधुनिक दास्यविरोधी कायदा करून, ३ कोटी ६० लाख पौंडांहून मोठी उलाढाल असलेल्या कंपन्यांस, आपल्या पुरवठ्याच्या साखळींत दास्य राहूं नये म्हणून आपण काय केलें, तें दरवर्षीं जाहीर करावयास लाविलें. ऑस्ट्रेलियानें २०१८ सालीं तसाच कायदा केला. जर्मनीचा कायदा २०२१ सालीं झाला व २०२३ पासून अमलांत आला. सक्तीच्या मजुरीचा माल बाजारांतच येऊं देऊं नये, असा नियम युरोपीय संघानें २०२४ सालीं केला असून तो डिसेंबर २०२७ पासून लागू व्हावयाचा आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२१ सालीं जगांत २ कोटी ७६ लाख माणसें सक्तीच्या मजुरींत होतीं. या संघटनेनें सक्तीची मजुरी ओळखण्याच्या ज्या ११ खुणा सांगितल्या आहेत, त्यांत कर्जाचें बंधन, मजुरी अडवून ठेवणें, हालचालीस मनाई, धाकदपटशा, फसवणूक व राहण्याची हलाखी या खुणा आहेत. आपल्या बांधावर यांपैकीं किती लागू पडतात, तें ज्यानें त्यानें मोजावें.

मार्च २०२४ मध्यें एका अमेरिकन वृत्तपत्रानें महाराष्ट्रांतील ऊंसतोडीविषयीं विस्तृत शोधलेख छापला, व त्यांत येथील साखर घेणाऱ्या जगद्विख्यात कंपन्यांचीं नांवें आलीं. खरेदीदारानें प्रश्न विचारले तर कारखाना आपल्याकडे बोट दाखवील, वा आपण कारखान्याकडे दाखवूं; परंतु साखर पडून राहिली तर नुकसान उंसाच्या बिलांत उतरणार आहे. तथापि परदेशी ग्राहकाच्या भयानें हें काम करावें, असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. ग्राहक येतो व जातो. बांध आपला आहे.

मजुरी शेवटीं कोणाच्या पैशांतून जाते, तेंही पाहूं. तोडणी व वाहतुकीचा खर्च आपल्याच बिलांतून कापला जातो. म्हणजे तोडकऱ्याची मजुरी व मुकादमाचें कमिशन हीं दोन्ही उंसाच्या किंमतींतून गेलीं. ज्याच्या पैशांतून मजुरी जाते त्यास ती पोंचली कीं नाहीं हें विचारण्याचा अधिकार आहे. १९६६ च्या ऊंस नियंत्रण आदेशानें ऊंस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मागण्याचा व न मिळाल्यास सालीना १५ टक्के व्याज मागण्याचा हक्क आपणांस आहे. त्याकरितां आपण मोर्चे काढतों, तें योग्यच आहे. ज्यानें तो ऊंस तोडला त्यास मात्र हंगामाच्या अखेरीपर्यंत आंकडाही कळूं नये, हा न्याय नव्हे.

काय करावें

केवळ तत्त्वज्ञान सांगून हें मासिक वाचकांस सोडीत नाहीं. म्हणून अमलांत आणण्याजोग्या कांहीं सूचना देतों.

१. प्रत्येक कोयत्यास स्वतंत्र उचलपुस्तिका असावी. तींत उचलीची रक्कम, दिलेली खर्ची, तोडलेलें वजन व उरलेली बाकी हीं दर पंधरवड्यास लिहून वाचून दाखवावीं. पुस्तिका मजुराच्या हातीं असावी. असा ठराव सभासदांनीं आपल्या कारखान्याच्या वार्षिक सर्वसाधारण सभेंत मांडावा. सहकारी कारखान्याचे मालक आपणच आहों. १९५०-५१ च्या हंगामांत प्रवरानगरास पहिला सहकारी कारखाना सुरू झाला तो शेतकऱ्याच्या हिताकरितां, हें विसरूं नये.

२. उचल व मजुरी ज्याची त्याच्या बँकखात्यांत जावी. कोयता दोघांचा, तर खातींही दोन असावींत. बाईनें तोडलेल्या व डोक्यावरून वाहिलेल्या उंसाची मजुरी बाईच्या नांवें पडली पाहिजे.

३. वजनाच्या पावतीची एक प्रत टोळीस मिळावी. आपली प्रत आपण जपून ठेवतों. तशीच तीही त्यांनीं ठेवावी.

४. आजारपण, बाळंतपण व मासिक पाळी यांकरितां बुडालेल्या दिवसाचा खाडा लावूं नये, अशी अट करारांत घालावी. बुडालेल्या दिवसाची मजुरी मिळत नाहीं, एवढी शिक्षा पुरे आहे.

५. टोळी आपल्या शेतांत असेपर्यंत विहिरीचें वा नळाचें स्वच्छ पाणी, सावली व बायकांकरितां आडोसा यांची सोय आपण करावी. यास फार खर्च येत नाहीं.

६. टोळीबरोबर आलेलें मूल मोळी उचलतांना दिसलें तर तें काम तेथेंच थांबवावें. मुलांना जवळच्या शाळेंत घालण्याकरितां मुख्याध्यापकांस कळवावें. गांवीं मागें राहणाऱ्या मुलांकरितां संत भगवानबाबा यांच्या नांवानें सरकारी वसतिगृहांची योजना आहे. तिची माहिती टोळीस द्यावी.

७. कारखान्याकडून गाळलेल्या उंसाच्या टनामागें १० रुपये गोपीनाथ मुंडे ऊंसतोड कामगार कल्याण महामंडळाकरितां घेण्याचें ठरलेलें आहे. हे पैसे भरले जातात कीं नाहीं, व आपल्याकडे आलेल्या लोकांजवळ ग्रामपंचायतीमार्फत मिळणारें ओळखपत्र आहे कीं नाहीं, हें सभेंत विचारावें.

८. कोणी काम सोडून जाऊं म्हणाला तर त्यास अडवूं नये, व अडविणाऱ्यास आपली वस्ती, गाडी वा माणसें देऊं नयेत. देणें असेल तर तें दिवाणी आहे. त्याकरितां कोर्ट आहे. त्याचें मूल, बायको किंवा बैल ओलीस ठेवणें हा गुन्हा आहे.

९. कोणास डांबून ठेवल्याचें कळल्यास तहसीलदारांस वा जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळवावें. वेठबिगार मुक्त करण्याचा अधिकार कायद्यानें त्यांस दिला आहे, व जिल्ह्यास आणि उपविभागास दक्षता समित्या नेमण्याची तरतूद आहे. अर्ज मजुरानेंच केला पाहिजे असें नाहीं. अर्जाची पोंच घ्यावी. पोंच नसलेला अर्ज कचेरींत शोधून सांपडत नाहीं, हें आम्ही अनुभवानें सांगतों. मुक्त झालेल्यास मुक्ततेचा दाखला मिळतो, व केंद्र सरकारच्या २०१६ च्या योजनेंत प्रौढ पुरुषास १ लाख, स्त्रिया व मुलें यांस २ लाख व अत्यंत हलाखींतून सुटलेल्यांस ३ लाख रुपयांपर्यंत साह्याची तरतूद करण्यांत आली.

कांहीं आक्षेप

‘उचल तेच मागतात, आम्ही गळ्यांत बांधीत नाहीं,’ असें पुष्कळजण म्हणतात. खरें आहे. परंतु १८७५ पूर्वींचा शेतकरीही कर्ज मागावयास स्वतःच सावकाराच्या दारीं जात असे. मागण्याची गरज होती म्हणून फसविण्याचा हक्क सावकारास प्राप्त झाला नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आपल्यांतीलच पुष्कळ वाहनमालक शेतकऱ्यांनीं ट्रॅक्टर गहाण टाकून मुकादमांस लाखों रुपये दिले, व टोळी आलीच नाहीं. कित्येक घरें त्यांत बसलीं. हें दुःख खोटें नाहीं. परंतु त्याचेंही मूळ तेंच आहे. रक्कम रोखीनें, चिठ्ठीचपाटीवर, एका माणसाच्या भरंवशावर गेली. ती कोणत्या कोयत्यास किती पोंचली याचा कागद नाहीं. उचल थेट मजुराच्या खात्यांत गेली व तिची नोंद दोन्ही बाजूंस राहिली, तर मजूर जसा सुरक्षित होतो तसा वाहनमालकही होतो. ज्याची रक्कम बुडाली त्यानें माणसें धरून आणण्यापेक्षां कागद धरून ठेवावा.

तिसरा आक्षेप खुशालीचा. तोड लवकर मिळावी म्हणून टोळीस व चालकास वरकड पैसे द्यावे लागतात, मग गरीब कोण, असें शेतकरी विचारतो. खुशाली ही लूट आहे व ती बंद झाली पाहिजे, याविषयीं आमचें दुमत नाहीं. परंतु ज्याचा मूळ हिशेब कधींच जमेस येत नाहीं तो वरच्या पैशावर डोळा ठेवणार. मजुरीचा आंकडा हातीं पडूं लागला तर खुशालीस नाहीं म्हणण्याचें बळ आपणांस येईल.

यंत्र आलें कीं हा प्रश्न मिटेल, असेंही कोणी म्हणतात. तोडणीयंत्रें वाढत आहेत. परंतु लहान तुकडे, अरुंद सऱ्या व ओली रानें यांत तीं सर्वत्र चालत नाहींत. शिवाय यंत्रानें ऊंस तुटेल, मागील बाकी तुटणार नाहीं. काम गेलेला देणेकरी हा कामावरील देणेकऱ्याहून अधिक अडचणींत असतो.

शेतकरी हा मालक आहे तसाच तो बराच काळ देणेकरीही राहिला आहे. आंगठा उठवून घेतलेल्या कोऱ्या कागदाची भीति त्यास कोणी शिकवावी लागत नाहीं. म्हणूनच या कामीं सरकारपेक्षां व परदेशच्या खरेदीदारापेक्षां आमचा भरंवसा त्याच्यावर अधिक आहे. येत्या हंगामांत टोळी रानांत उतरेल तेव्हां तोड किती दिवसांत संपेल हें विचारण्यापूर्वीं प्रत्येक वाचकानें टोळीतील एका जोडीस एवढेंच विचारावें : तुमची बाकी किती, व ती तुमच्याजवळ लिहिलेली आहे काय? उत्तर ‘नाहीं’ असें आल्यास त्याच दिवशीं एक कोरी वही आणून पहिलें पान स्वतः लिहून द्यावें, व पुढील पानें लिहिण्यास मुकादमास व कारखान्यास भाग पाडावें.